अंगठ्यातून आलेली आई

माळवस्तीच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गाला गणित नकोसं व्हायचं ते बरोबर पावणेबारा वाजता. त्या सुमाराला मागच्या खोलीत दैवशाला कढलेल्या तेलात मोहरी टाकायची, मग जिरं, मग ठेचलेला लसूण, आणि तो वास व्हरांड्यातून आत शिरला की पोरांचं लक्ष फळ्यावर ठेवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. मुख्याध्यापक भुजंग सर शिस्तीचे. पण त्यांनीही या वेळेला खडू खाली ठेवायचा, हे मुकाट्यानं मान्य केलं होतं.

पेडगावपासून चार-साडेचार किलोमीटर आत, माळावर ही वस्ती. साठ-पासष्ट घरं, त्यातली निम्मी मेंढपाळांची. दैवशाला मानवतकडची. लग्न करून आली ती मेंढरांच्या घरात. नवरा आदिनाथ दिवसभर कळपामागं असायचा, पण कळप त्याचा नव्हता, त्याच्या आईचा होता. भिवराबाई पासष्टीच्या पुढच्या, वाळलेल्या अंगाच्या. कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं हे अंधारातसुद्धा हात लावून सांगायच्या. घरात त्यांचा शब्द शेवटचा. दैवशालानं पाच वर्षांपूर्वी शाळेतलं स्वयंपाकाचं काम धरलं तेसुद्धा त्यांना विचारून.

त्या कामात ती अशी काही रुळली की शाळा तिचीच असल्यासारखी वागायची. कोणाला टोमॅटो चालत नाही, कोण खिचडीतली मटकी वेचून बाजूला ठेवतं, कोण घरून उपाशी येतं, सगळं तिच्या तोंडपाठ. जास्तीचं वाढायला हात आखडता नाही, पण ताटात टाकून उठलं की तिच्या जिभेचा पट्टा सुटायचा. पोरं तिला मावशी म्हणायची, भ्यायची आणि तिच्याच मागं मागं फिरायची. एकदा तालुक्याहून तपासणीला आलेले साहेब दोन वेळा खिचडी मागून घेऊन गेले. ती गोष्ट दैवशाला निदान पन्नास जणांना तरी सांगून बसली होती.

चामखिळी सुरू झाल्या त्या दोन वर्षांपूर्वी. पहिली उजव्या अंगठ्यावर, नखाच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. मग बोटांच्या पेरांवर तीन, तळहातावर दोन, आणि बघता बघता डाव्या हातावर चार. एकूण झाल्या दहा.

इलाज काय कमी केले? घोड्याच्या शेपटीचा केस आणून करकचून बांधला. चुना आणि सोडा कालवून लावला. बिब्बा लावला, त्यानं चामखीळ तशीच राहिली आणि भोवतालची कातडी भाजून निघाली. शेवटी परभणीला एका खासगी दवाखान्यात मशीननं जाळून घेतल्या. महिनाभर हात छान दिसला. मग सगळ्या परत उगवल्या, एका जागी तर एकीच्या दोन, म्हणजे आता अकरा झाल्या, आणि अंगठ्यावरची तर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी फुटून मोठी झाली. नशिबाला दोष देणं तिच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळं तिनं त्या मशीनवाल्याला यथेच्छ शिव्या दिल्या आणि कामाला लागली.

आखाड संपता संपता शाळेत पालकांची सभा झाली. त्या सभेत कमलबाई उठल्या. कमलबाई शाळेच्या समितीवर होत्या, त्यांची मुलगी दीपिका तिसरीत होती, आणि त्या एकदा बोलायला उठल्या की मधे कोणी तोंड घालायचं नाही अशी वस्तीची रीत होती. "सर, मी तोंडावर बोलते," त्या म्हणाल्या. "दैवशालाच्या हाताकडं बघा जरा. त्याच हातानं पीठ मळायलीय, त्याच हातानं वाढायलीय. आमच्या लेकराईच्या पोटात काय चाललंय ते?"

सगळ्यांच्या माना दैवशालाच्या हाताकडं वळल्या. तोंडाला फटकळ म्हणून जिची ख्याती, त्या बाईनं त्या दिवशी हात पदराखाली घेतले. तिला भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली याचा त्याहून जास्त राग आला.

भुजंग सर माणूस वाईट नव्हते, पण कागदाशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. ते म्हणाले, "दैवशालाताई, असं करा. सरकारी दवाखान्यात दाखवा. हातानं स्वयंपाक करायला हरकत नाही असा डॉक्टरांचा कागद आणा. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी तो कागद समितीपुढं ठेवा. तोवर दुसरी बाई बघतो. कागद आला नाही, तर मग ती बाई कायमची."

तर प्रश्न एवढाच होता. दिवाळीपर्यंत हात बरा झाला तर शाळेचं स्वयंपाकघर तिचं, नाही तर दुसरीचं. ते स्वयंपाकघर सुटलं तर आपण वस्तीत नुसती भिवराबाईची सून म्हणून उरू, हे दैवशालाला लख्ख दिसत होतं.

पोळा झाल्यावरच्या सोमवारी आदिनाथनं तिला मोटारसायकलवरून परभणीला नेलं. सरकारी दवाखान्यात कातडीच्या विभागासमोर ही रांग. आत डॉक्टर सुकेशनी वाव्हळे बसलेल्या, तिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. मूळ गंगाखेडच्या. त्यांनी दैवशालाचा हात आपल्या हातात घेतला, उलटापालटा केला, भिंगातून पाहिला. गेल्या काही महिन्यांत तो हात असा सरळ हातात कोणी घेतला नव्हता.

"जाळून घेतलं होतं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"जाळलं की दुप्पट व्हायलंय," दैवशाला म्हणाली. "आता जाळायचं नाव काढू नका, सांगून ठेवते."

"नाही जाळत. टोचू." डॉक्टर हसल्या. "घरी मेंढरं आहेत म्हणालात. मग कुत्रं असेलच. समजा कुत्रं गाढ झोपलंय आणि लांडगा कळपात येऊन निवांत बसलाय. तुमच्या हाताचं तेच झालंय. चामखीळ म्हणजे एक विषाणू, अगदी बारीक जंतू. तो कातडीत असा गपचूप बसतो की अंगाला पत्ताच लागत नाही. आपण त्या कुत्र्याला जागं करायचं."

"कशानं?"

"लसीनं. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची लहान लेकरांना देतात ना, तीच लस. ती थोडीशी, सगळ्यात मोठ्या चामखिळीत टोचायची. अंगाला वाटतं, इथं कोणी परकं शिरलंय. ते धावून येतं, आणि आल्यावर शेजारी बसलेला तो चोरसुद्धा त्याच्या नजरेत येतो."

"आन् बाकीच्या धा?"

"त्यांना हात लावायचा नाही. कुत्रं एकदा भुंकायला लागलं की एकाच लांडग्यावर भुंकत नाही. पण पक्की हमी नाही देत मी. बऱ्याच जणांना गुण येतो, काहींना येत नाही. दर तीन आठवड्यांनी यायचं, तीन-चार वेळा, कधी पाच वेळा."

डॉक्टरांनी दिवस गेलेत का ते विचारलं, आणखी कुठला आजार, कुठल्या गोळ्या चालू आहेत का ते विचारलं, सगळं लिहून घेतलं. मग नखाच्या कडेच्या त्या चामखिळीत बारीक सुई गेली. दैवशालानं दोन बाळंतपणं काढली होती, कढईचं तेल अंगावर उडालेलं सोसलं होतं, पण त्या सुईनं तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. "दोन दिवस ताप येईल, अंगठा सुजेल. घाबरायचं नाही, तापाची गोळी घ्यायची," डॉक्टरांनी बजावलं.

ताप त्याच रात्री आला. सकाळी अंगठा लाल होऊन टरटरून सुजला होता आणि दैवशाला गोधडी घेऊन पडली होती. भिवराबाईंनी कपाळाला हात लावला, अंगठा पाहिला आणि विचारलं, "कशाची सुई दिली म्हनलीस?"

"गोवराची लस," दैवशाला तापात पुटपुटली.

इथं घोटाळा झाला. भिवराबाईंच्या लेखी गोवर हा आजार नव्हे. गोवर, कांजिण्या म्हणजे घरी आई, देवी, येणं. त्यांच्या माहेरी ती आली होती, त्यांच्या स्वतःच्या दोन लेकरांच्या अंगावर आली होती, त्यातलं एक तिनं नेलं होतं. आई आली की काय करायचं याला पढवणारं कोणी लागत नाही. भिवराबाई उठल्या, कडुलिंबाचा डहाळा तोडून दाराला खोवला, चुलीजवळची तेलाची बाटली उचलून माळ्यावर टाकली आणि जाहीर केलं, "आई आलीय घरात. आता फोडनी न्हाई, तळन न्हाई, औशीद न्हाई. हिनं शीव वलांडायची न्हाई."

"आत्याबाई, ती लस हाय. आई न्हाई," दैवशाला म्हणाली.

"गोवराचीच हाय न्हवं? मग झालं तर. दारातनं येती तिला आपून बोलवत न्हाई. तुमी तर आपनहून तिला अंगठ्यातनं आत घेतली."

तापाची गोळी आदिनाथनं आईची नजर चुकवून दिली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी सूज उतरली. दैवशाला उठून कामाला लागली. पण डहाळा काही निघाला नाही. भिवराबाईंनी सुनेचा अंगठा निरखून पाहिला, चामखीळ जागच्या जागी होती. त्यांनी निकाल दिला, "जिथून शिरली तिथूनच निघंल. ह्या गाठी जाईस्तोवर ती आतच हाय."

म्हणजे पेच पाहा कसा. गाठी जाईपर्यंत शीव ओलांडायची नाही, आणि शीव ओलांडून परभणीला गेल्याशिवाय गाठी जायच्या नाहीत. आदिनाथ या भांडणात कोणाच्याच बाजूनं बोलला नाही. फक्त पाचव्या दिवशी बिनफोडणीचं वरण पुढ्यात आल्यावर ताटाकडं बराच वेळ पाहत बसला.

इतकं घरात राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण दाराला लागलेला कडुलिंब अख्ख्या वस्तीला वाचता येतो. आशा कार्यकर्ती रेणुका घरोघरी फिरत होती, तिनं डहाळा पाहून विचारलं, आणि भिवराबाईंनी छाती पुढं काढून सांगितलं, "सुनेला गोवर हाय."

गोवर म्हटल्यावर रेणुकाला गप्प बसून चालत नाही. गोवराचा एक रोगी सापडला तरी वर कळवावं लागतं. तिनं फोन केला. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची पांढरी गाडी वस्तीत येऊन उभी राहिली. दोन नर्स, एक डॉक्टर, रजिस्टरं. त्यांनी एकेका घरात जाऊन लेकरांच्या लसीची कार्डं तपासली, दैवशालाचं तोंड उघडून पाहिलं, पाठ पाहिली, पोट पाहिलं. पुरळ नाही, खोकला नाही, डोळे लाल नाहीत. मग तिनं परभणीचा केसपेपर दाखवला. मोठ्या नर्सनं तो वाचला आणि ती हसू दाबायला बाहेर जाऊन उभी राहिली. "कोणालाही गोवर नाही," असं डॉक्टरांनी चार माणसांत सांगितलं, लस चुकलेली दोन लेकरं सापडली त्यांना टोचली आणि गाडी गेली.

पण गाडी आली होती ना! लोकांनी गाडी पाहिली, डॉक्टरांचं बोलणं कोण ऐकतं? संध्याकाळी हापशावर कमलबाई म्हणाल्या, "चामखिळी व्हत्याच, आता गोवर बी." दुसऱ्या दिवशी भुजंग सरांचा निरोप आला, शाळेच्या आवारातसुद्धा काही दिवस येऊ नका. त्या दिवशी दैवशाला गोठ्यामागं जाऊन हमसून हमसून रडली. आपल्याला बरं करायला निघालेली सुई आपलंच घर मोडतेय असं तिला वाटलं. दुसऱ्या खेपेची तारीख चार दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाई मेंढवाड्यात कोकरांच्या खुरांतले काटे काढत बसल्या होत्या. दैवशाला त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली आणि एक कोकरू धरून ठेवलं.

"आत्याबाई, एक इचारू का? मागल्या पुसात मेंढराईला देवीची लस टोचली. तुमीच एकेक धरून दिलं डॉक्टराला. खरं का न्हाई?"

"व्हय. मग?"

"टोचल्यावर मेंढरं कशी झाली?"

"कशी म्हंजे? एक दिस सुस्तावली. पाल्याला तोंड लावलं न्हाई. अंग गरम लागायलं. दुसऱ्या दिशी चरायला लागली."

"मग तवा आपल्या दारात डहाळा काऊन लावला न्हाई? दीडशे मेंढराईच्या अंगात दीडशे आया आल्या व्हत्या का?"

भिवराबाईंनी चिमट्यातला काटा बाजूला टाकला. कोकराचा पाय सोडला.  त्यांना राग आला असावा, आणि त्याचबरोबर मेंढरातलं आपल्याला कळतं, ही गोष्ट नाकारायची म्हणजे पन्नास वर्षांचा धंदाच नाकारायचा, हेही त्यांना उमगलं असावं. ज्या बाईनं एक लेकरू त्या आईच्या हवाली केलं, तिला ती आई खोटी आहे असं एका बसणीत कबूल करणं शक्य नव्हतं. दैवशालालाही ते कळत होतं. तिनं दुसरं कोकरू ओढून घेतलं.

तीन कोकरं झाल्यावर भिवराबाई बोलल्या. "लस असू दे न्हाई तर आई असू दे. दारात डहाळा लागलाय, तो तसा काढता येत न्हाई. तिला मानानं वाटं लावायची. नवरात्राच्या आत. मग जा तुला कुठं जायचं तिथं, किती बी टोचून घे."

आईला वाटेला लावायची रीत वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती. दहीभाताचा नैवेद्य करायचा, शिवेवरच्या मरीआईच्या दगडापुढं ठेवायचा आणि तिथंच वस्तीतल्या पाच लेकरांना जेवू घालायचं. ज्या घरी बोलावणं जाईल त्या घरानं लेकरू पाठवायचं. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की आई त्या घराचा रस्ता धरते, अशी समजूत.

आणि एक नियम आणखी होता. तो भिवराबाईंनी आदल्या संध्याकाळी सांगितला. "जिच्या अंगात आली तिनंच भात कालवायचा. तिनंच वाढायचा. हातानं. पळी लावायची न्हाई."

दैवशालानं मान वर करून सासूकडं पाहिलं. हा नियम खरंच पहिल्यापासून होता की त्या सकाळी वाड्यात जन्मला, हे तिनं पुढंही कधी विचारलं नाही. भिवराबाईंच्या चेहऱ्यावरून काही कळायचा प्रश्नच नव्हता.

बोलावणं द्यायला भिवराबाई स्वतः गेल्या. पाच घरं त्यांनी निवडली. सभेत कमलबाईंच्या मागं माना डोलावणाऱ्यांची चार, आणि पाचवं कमलबाईंचं.

मंगळवारी सकाळी दैवशालानं साबण लावून कोपरापर्यंत तीन वेळा हात धुतले. शिजवलेल्या अन्नातून चामखीळ कोणाला होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी धुतले. शिवेवर, दगडापुढं परात ठेवून ती भात कालवायला बसली. अकराच्या अकरा चामखिळी जागेवर होत्या. पाच लेकरं ओळीनं बसली होती, त्यांच्या मागं त्यांच्या आया उभ्या. दीपिकाची वेणी तेल लावून घट्ट घातली होती आणि कमलबाईंचा चेहरा त्या वेणीहून घट्ट झाला होता.  एखादी बाई आता लेकराला ओढून घेऊन जाईल, अशी दैवशालाला धास्ती होती.

कोणी गेलं नाही. दैवशालानं मुठीमुठीनं दहीभात पत्रावळीवर वाढला. लेकरांनी भुरके मारून खाल्ला, दीपिकानं तर "मावशी, आणखी" म्हणून पत्रावळ पुढं केली. तिला शाळेतली नवी बाई गोळा-खिचडी वाढायची, बिचारी दीड-दोन महिने कंटाळली होती. कमलबाईंनी डोळे मिटून मरीआईला हात जोडले. ज्या हाताची खिचडी चालत नव्हती त्या हाताचा भात सगळ्यांच्या देखत पोटात गेला, आणि भिवराबाई बाजूला दगडावर बसून एकेकीकडं शांतपणे पाहत होत्या.

डहाळा त्या दुपारी निघाला. गुरुवारी दैवशाला परभणीला गेली.

दुसऱ्या सुईनंतर ताप आला नाही. अंगठ्यावरची गाठ बसकी झाली, काळवंडली. नवरात्र गेलं. तिसऱ्या सुईच्या वेळी डॉक्टर सुकेशनींनी तिचा डावा हात मागून घेतला आणि भिंग लावलं. डाव्या हाताला आजवर एकदाही सुई लागली नव्हती. तिथल्या चारही चामखिळी सुकून बारीक झाल्या होत्या. "जागं झालं कुत्रं," डॉक्टर म्हणाल्या. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी भाकरी थापताना दैवशालाला जाणवलं की पिठात काही अडकत नाही, खरखरत नाही. तिनं दिव्याजवळ जाऊन हात पाहिले. बिब्ब्यानं भाजल्याचा तो जुना डाग तेवढा उरला होता, बाकी सगळं साफ होतं. तिनं भिवराबाईंना हाक मारली. सासूनं दोन्ही हातांवरून बोटं फिरवली, जशी मेंढीच्या अंगावरून फिरवायच्या तशी, आणि त्या म्हणाल्या, "बेस झालं. तव्यावरली करपायलीय बघ."

डॉक्टरांनी कागद दिला. त्यावर सही होती, शिक्का होता.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दुपारी व्हरांड्यात समिती बसली. मधे भुजंग सर, एका बाजूला कमलबाई, दुसऱ्या बाजूला अध्यक्ष दत्तराव. दैवशालानं कागद सरांच्या पुढं ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला, शिक्का उजेडाकडं धरून पाहिला. "ठीक आहे," ते म्हणाले.

"कागद ठीकच असतो हो," दत्तराव म्हणाले. "बाई, जरा हात दाखवा बरं. पुढं करा. सगळ्यांना दिसू द्या."

हात दाखवायची वाट ती तीन महिने पाहत होती. घरून निघताना खास खोबरेल लावून आली होती. पण दत्तरावांनी ते "पुढं करा" असं म्हटलं, बाजारात जनावराचे दात बघायला मागतात त्या सुरात, आणि तिच्या आत काही तरी ताठ झालं. तिनं दोन्ही मुठी मिटून मांडीवर ठेवल्या.

"न्हाई दाखवणार," ती म्हणाली.

"आँ?"

"ह्या हातावर अकरा चामखिळी व्हत्या, तवा तुमच्या पाच घरच्या लेकराईनं शिवेवर माझ्या हातचं खाल्लं. तवा कोनी हात बघाया मागितला न्हाई. आई अंगात व्हती म्हनून मी चालले. आज मी नुसती दैवशाला हाय, तर हात दाखव! कागद मागितला व्हता सरांनी, तो आनलाय. तो वाचा. वाचून पटत आसंल तर ठेवा, न्हाई तर सांगा. मी माज्या घरी जाते."

 दत्तरावांनी कमलबाईंकडं पाहिलं, कारण अशा वेळी बोलायचं काम त्यांचं होतं. कमलबाई जमिनीकडं बघत होत्या. "कागद हाय तर बास झालं," एवढंच त्या म्हणाल्या. भुजंग सरांनी घाईघाईनं वहीत नोंद केली आणि सांगितलं, "उद्यापासून या, ताई."

दैवशाला उठली. आपण इतकं बोलू असं तिला स्वतःलाच वाटलं नव्हतं. फाटकातून बाहेर पडून ती वळणापर्यंत आली तेव्हा मागून हाक आली. "थांब गं, दैवशाला."

कमलबाई पदर सावरत भरभर येत होत्या. जवळ आल्या, इकडं तिकडं कोणी नाही असं पाहिलं, तरी आवाज खालीच ठेवला. "दीपिकाच्या तळपायाला हाय. दोन. उन्हाळ्यापासून. मोजे घालून पाठवायले मी तिला शाळेत. चालताना लंगडायलीय आता." त्या थांबल्या. "मला वाटलं, तुझ्या हातच्या खान्यातनंच झालं. म्हनून सभेत उठले मी. लय बोलले त्या दिवशी."

दैवशालाला त्या दिवसाचा सगळा राग एकदम आठवला. बोलायला तोंडात काय काय आलं. पण समोरची बाई तळपायाच्या दोन गाठी सहा महिने मोज्यात लपवून ठेवत होती, आणि लपवणं काय असतं हे दैवशालाला माहीत होतं.

"खान्यातनं होत न्हाई म्हनल्या डॉक्टर," ती म्हणाली. "कुठं वलीत अनवानी चालल्यानं बी होतंय. माझ्यामुळं झालं का, मला ठाव न्हाई, कमलबाई. खरं तेच सांगते."

"ती सुई... लय दुखती का?"

दैवशालानं उजवी मूठ उघडली आणि हात कमलबाईंच्या समोर धरला. अंगठा, पेरं, तळवा, सगळं दिसेल असा. कमलबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला आणि नखाच्या कडेला हळूच बोट लावून पाहिलं.

"दुखती," दैवशाला म्हणाली. "पहिल्या खेपेला लय दुखती. सोमवारी जाऊ. मी येते संगं, पोरीचा हात धरायला."